धणे उगवतात, चार दिवस उभे राहतात आणि आडवे पडतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा

नवखी_माळीण:

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

झालंय असं की चार महिन्यांपूर्वी एकदम अंगात आलं की आपण घरीच कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो असं काहीतरी लावायचं. बाल्कनी आहे, लहान आहे पण आहे. मग कुंड्या आल्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आलं, गांडूळखत, झारी, एक छोटं खुरपं, सगळं आलं. खुरपं अजून नवंकोरं आहे.

आता सद्यस्थिती. धणे तीनदा पेरले. पहिल्यांदा आलेच नाहीत. दुसऱ्यांदा बाराव्या दिवशी आले, मी घरभर नाचले, आणि मग ते दोऱ्यासारखे लांबच लांब होत गेले आणि एका सकाळी बघते तर सगळे झोपलेले, मातीला टेकतो तिथे देठ इतका बारीक झालेला की कोणी चिमटीत धरून दाबलाय असं वाटावं. तिसऱ्यांदा परत तेच. पुदिन्याची खालची पानं पिवळी पडून गळतायत. टोमॅटो माझ्या कमरेएवढा झालाय, हिरवागार, पण फुलं येतात आणि देठासकट गळतात, अकरा गळाली आतापर्यंत, मोजलीत मी. भरीस भर म्हणून मातीतून बारीक काळी चिलटं उडतात, झारी नेली की भुर्रकन.

मी काय काय करते तेही सांगून टाकते. पाणी सकाळ-संध्याकाळ, न चुकता. अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळ्याच्या सालींचं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, ज्या व्हिडिओत जे सांगितलं ते सगळं घातलंय. उजेड भरपूर आहे, बाल्कनी दिवसभर लख्ख असते. ऊन म्हणाल तर सकाळी तासभर येतं, मग समोरच्या बिल्डिंगच्या मागे जातं.

घरचे म्हणतायत तुझा हातच वाईट आहे. खरंच असं काही असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवग्याची_शेंग:

प्रकाश आमच्याकडून नको, कुंडीवर टाका ताई. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. बाकी बांधावरचे येतीलच, त्यांना चिलटांचा वास लागला असेल.

बांधावरचा:

आलो.

ताई, आधी हाताचं सांगतो. हात वाईट नाही, हात जरा जास्तच चांगला आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी हे वाचलं तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं.

आमच्याकडे शेतात एक शब्द आहे, वाफसा. पाऊस झाला की लगेच कोणी पेरायला जात नाही, थांबतात, वाफसा यायची वाट बघतात. म्हणजे माती ओली तर आहे पण चिखल नाही, हातात घेऊन मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरलं की फुटतो. मातीच्या कणांमध्ये ज्या फटी असतात त्यातल्या काहींत पाणी आणि काहींत हवा, अशी अवस्था. मुळं पाणी पितात हे सगळ्यांना माहीत असतं पण मुळं श्वासही घेतात हे विसरायला होतं, त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो या फटींतूनच मिळतो. तुम्ही दिवसातून दोनदा त्या फटी पाण्याने भरताय. मुळं गुदमरतात, कुजतात, कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, मग वरची पानं मान टाकतात आणि आपल्याला वाटतं की तहानलंय म्हणून आपण अजून पाणी घालतो. पुदिन्याची खालची पानं पिवळी, ते हेच.

कोकोपीटमध्ये हा घोळ जास्त होतो कारण ते वरून सुकून फिकट दिसतं आणि आत चांगलं ओलं असतं. रंग बघून पाणी घालू नका. बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागलं तर झारी परत जागेवर. याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघायची, पाणी घातल्या घातल्या एकदा उचला आणि ते वजन हाताला लक्षात ठेवा, मग रोज नुसती उचलायची. हलकी लागेल त्या दिवशी पाणी, आणि त्या दिवशी मात्र कंजूषपणा नाही, खालच्या भोकातून वाहीपर्यंत घालायचं, ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. रोज अर्धा पेला शिंपडण्यात काही अर्थ नाही.

धणे आडवे पडले ते मर रोगाने, रोपं कोलमडणं म्हणतात त्याला. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशा मातीत असतातच, त्यांना सतत ओल, कोंदट हवा आणि दाटीवाटीने उगवलेली अशक्त रोपं मिळाली की त्या जमिनीलगत देठ खातात. तुम्ही वर्णन केलंय ना चिमटीत दाबल्यासारखा, अगदी तसाच दिसतो. पडलेलं रोप परत उभं होत नाही, त्यावर औषध शोधत बसू नका. पुढच्या वेळी ती माती वापरू नका, कुंडी साबणाने धुवा, विरळ पेरा.

आणि दोऱ्यासारखे लांब झाले ते उजेड कमी म्हणून. आपले डोळे फसवतात. उजेड लक्समध्ये मोजतात, भर दुपारचं ऊन साधारण १ लाख लक्स असतं आणि आपल्याला जी खोली लख्ख वाटते तिथे काही शे लक्स असतात. आपले डोळे ते आपोआप सांभाळून घेतात, झाडाकडे ती सोय नाही. बाल्कनीत खोलीपेक्षा बरंच बरं असतं पण तरी एक तास ऊन म्हणजे टोमॅटोच्या हिशेबात काहीच नाही.

चिलटं म्हणजे फंगस नॅट. त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन इंच ओल्या मातीत बुरशी आणि कुजकं खात राहतात, आणि तुम्ही त्यांना चोथा, सालींचं पाणी, तांदळाचं पाणी असा रोज नैवेद्य दाखवताय. तो बंद करा. वरची माती मधूनमधून नीट सुकू द्या, पिवळे चिकट कागद खोचा. महिनाभर धीर धरा कारण अंड्यापासून चिलटापर्यंत तीनेक आठवडे जातात, आज जी उडतायत ती मारून उपयोग नाही.

नवखी_माळीण:

बाप रे. म्हणजे मी चार महिने झाडांना बुडवत होते आणि चिलटांना पोसत होते.

एक शंका, मी कुंडीच्या तळाला दोन इंच खडी घातली होती निचऱ्यासाठी. तरी पाणी कसं साठलं?

दोन_कुंड्या:

खडी घातली ते बरोबरच केलंत, आम्ही वर्षानुवर्षं घालतो. खडीमुळे नाही होणार, कोकोपीट काढून टाका, त्या कोकोपीटनेच सगळा घोळ केलाय सगळीकडे. साधी माती बेस्ट.

बांधावरचा:

दोन_कुंड्या, भांडण नाही पण खडीने निचरा वाढत नाही, उलट बिघडतो. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींच्या थरात सहज उतरत नाही, वरची माती अगदी ओथंबल्याशिवाय ते खाली जातच नाही. म्हणजे जो पाणथळ थर कुंडीच्या बुडाशी असायचा तो आता खडीच्या वर, मुळांच्या अजून जवळ आला. शिवाय दोन इंच माती गेली ती वेगळीच.

विश्वास ठेवू नका, करून बघा. भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या, पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. गळून गळून थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा करा. परत धार लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडीचा निचरा चांगला असतो, आणि म्हणून खडी घालून आपण कुंडी बुटकी करतो. भोकांवर जाळीचा तुकडा नाहीतर एखादं फुटक्या कुंडीचं खापर ठेवलं की पुरे, तेही माती वाहून जाऊ नये म्हणून.

साध्या मातीचं म्हणाल तर जमिनीत साधी माती उत्तमच, पण कुंडीत ती चार पाण्यात दगडासारखी बसते. निम्मी माती, उरलेल्यात कोकोपीट आणि कुजलेलं खत, असेल तर मूठभर परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे). कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यातून काढून घ्यायचं, त्यात क्षार असतात.

दोन_कुंड्या:

स्पंजचं आत्ता सिंकपाशी उभं राहून करून बघितलं. मान्य. पंधरा वर्षं खडी वाहिली उगाच.

पानवेडी:

बांधावरच्यांनी पाण्याचं सांगितलंच आहे, मी काय लावायचं त्याबद्दल बोलते, कारण माझी बाल्कनी तुमच्यासारखीच आहे, उन्हाला पारखी.

माझा ढोबळ नियम असा की पान खायचं असेल तर ३-४ तास उन्हात भागतं, फळ खायचं असेल तर ६ ते ८ तास हवेत. झाडाच्या दृष्टीने फळ धरणं हे फार खर्चाचं काम आहे, आणि कमाई सगळी उन्हाची. त्यामुळे कमी उन्हात पुदिना, कोथिंबीर, पालक, लेट्युस, पार्सली, चाइव्हज, कांद्याची पात ही मंडळी निभावून नेतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी रडवतात.

तुम्ही मेथीपासून सुरुवात करा असं मला मनापासून वाटतं. मेथीसारखं पटकन शाबासकी देणारं काही नाही. दाणे रात्रभर भिजवा, चार-पाच इंच खोल कुठलाही पसरट डबा भोकं पाडून घ्या, दाणे पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती. दोन ते चार दिवसांत कोंब. तीन-साडेतीन आठवड्यांत कापायला येते. त्यातून तुमचा हात वाईट नाही हे घरच्यांना दाखवूनही होईल :)

आता धणे. एक अख्खा धणा म्हणजे एक बी नाही, दोन बिया एका टरफलात असतात. म्हणून आधी ते लाटण्याने नाहीतर हाताने हलके रगडून दोन भाग करायचे. हलके म्हणजे हलके, पहिल्यांदा मी पूडच केली होती. मग आठ-दहा तास भिजवा. स्वयंपाकघरातले धणे वापरत असाल तर ते किती जुने आहेत, कशातून गेलेत कोणास ठाऊक, त्यामुळे आधी दहा दाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवून बघा. दहातले सात उगवले तर पेरा, दोन उगवले तर ते धणे फोडणीच्या कपाटात परत. तुमची पहिली पेरणी आलीच नाही ती बहुतेक याच्यामुळे. साधारण एक सेंटिमीटर खोल पेरायचे, सात ते चौदा दिवस लागतात, म्हणजे तुमचा बारावा दिवस अगदी वेळेत होता.

कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं, त्यामुळे ट्रेमध्ये रोपं करून मग हलवायची हौस करू नका, जिथे हवी तिथेच पेरा, आणि कुंडी सहा-आठ इंच तरी खोल असू द्या. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पेरलीत तर ती पानांपेक्षा फुलं आधी काढेल, हवा तापली आणि दिवस मोठा झाला की तिला घाई होते. त्यात आपली काही चूक नसते. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहायची, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार.

पुदिना मात्र जाऊ द्या सोडून. म्हणजे टाकू नका, नव्याने करा. चांगल्या फांदीची चार इंच काडी, डोळ्याच्या (पानं फुटतात त्या गाठीच्या) जरा खाली कापा, खालची पानं काढा, पाण्यात उभी ठेवा, पाणी दोन दिवसांनी बदला. दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतील. फक्त त्याला स्वतंत्र कुंडी द्या, तो कोणाबरोबर नांदत नाही, मातीखालून धावरे (पसरणाऱ्या फांद्या) सोडतो आणि सगळी कुंडी बळकावतो.

खुडताना खालची मोठी पानं ओरबाडू नका, पुदिना काय, तुळस काय, बेझिल काय, शेंड्याकडून पानांच्या एका जोडीच्या वर खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. कोथिंबिरीला हे लागू नाही, तिचं बाहेरचं पान देठासकट काढायचं आणि मधला गाभा ठेवायचा.

टोमॅटोवाले_काका:

सगळ्यांनी टोमॅटोला वाळीत टाकलेलं दिसतंय.

माळीणबाई, फुलाच्या देठावर मध्येच एक छोटी गाठ दिसते का बघा. फूल तिथूनच सुटतं, कुणी तोडल्यासारखं. झाडाने स्वतःहून सोडलेलं असतं ते, झेपणार नाही म्हणून. कारणं तीन-चार असतात. ऊन कमी हे तर आहेच. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरत नसेल तरी फळ धरत नाही, परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार, कमरेएवढं आणि फळ नाही म्हटलं की मला नत्र (नायट्रोजन) जास्त झाल्याचाही संशय येतो, खत किती घातलंत ते सांगितलं नाहीत.

चौथं कारण बाल्कनीतलं खास, वारा नाही आणि भुंगे नाहीत. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतं, त्याला दुसरं झाड लागत नाही, पण पराग एका नळीच्या आत असतात, मिठाच्या डबीसारखे, हलवल्याशिवाय सांडत नाहीत. भुंगे फुलाला लटकून अंग थरथरवतात आणि पाडून घेतात, साध्या मधमाशीला ते जमत नाही. आपण काय करायचं, बॅटरीचा टूथब्रश घ्यायचा (जुना, घरातल्या कोणाचा चालू असलेला नको, मी ते करून बसलोय) आणि फुलांच्या घोसाच्या देठाला मागून दोन-तीन सेकंद टेकवायचा. सकाळी उशिरा, हवा कोरडी असताना. नुसत्या बोटाने टिचकी मारली तरी बऱ्यापैकी काम होतं.

आणि अंड्याच्या टरफलांचं एकदा सांगूनच टाकतो, कारण पुढे कधी फळ धरलंच आणि त्याचं बूड काळं पडलं तर तुम्ही अजून टरफलं टाकाल. बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून, हे खरं. पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि पाणी कधी पूर आणि कधी दुष्काळ असं मिळालं की फळापर्यंत पोचत नाही. इलाज पाणी नियमित करणं हा. टरफलं विरघळायला वर्षं लागतात. कोणी एप्सम सॉल्ट सांगेल, ते तर अजिबात नको, ते मॅग्नेशियम आहे, कॅल्शियमशी उलट स्पर्धा करतं.

नवखी_माळीण:

काका, गांडूळखत मी दर रविवारी मूठभर घालायचे. आणि वर सालींचं पाणी. मला वाटायचं जेवण आहे ते त्याचं.

टोमॅटोवाले_काका:

दर रविवारी नको, महिन्यातून एकदा मूठभर पुष्कळ. आता महिना-दीड महिना उपास.

निवांत_नंदी:

मूठभर कोथिंबिरीसाठी लक्स काय, स्पंज काय, टूथब्रश काय! जुडी विकत आणा आणि झोपा काढा. (हलके घ्या.)

पानवेडी:

नंदी, जुडी आणली की चार काड्या लागतात आणि उरलेली फ्रिजमध्ये काळी पडते, तुमच्याकडे होत नाही असं? कुंडीतून चारच काड्या काढता येतात. बाकी झोपेबद्दल सहमत.

अंधारकोठडी:

माझ्याकडे तर बाल्कनीच नाही, उत्तरेची खिडकी आहे. मी पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली दोन वर्षं पालेभाज्या आणि बेझिल काढतोय, ते जांभळे दिवेच लागतात असं काही नाही. ट्यूब रोपांपासून वीतभर अंतरावर हवी, खोलीच्या छताला लावलेल्या दिव्याचा उपयोग शून्य, कारण अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो. १२-१४ तास, टायमर लावून. रात्री बंद ठेवा, त्यांनाही अंधार लागतो. टोमॅटो याच्यावर काढायचा नाद करू नका, मी केला, तीन टोमॅटो आले आणि त्यातला एक वाटाण्याएवढा.

आणि ताई, दिवा घ्यायच्या आधी एक फुकटचं काम करा. सुट्टीच्या दिवशी दर तासाला बाल्कनीचा एकाच जागेवरून फोटो काढा, सकाळी सातपासून सूर्यास्तापर्यंत. मग रात्री सगळे एकापाठोपाठ बघा. आपल्याला आपल्याच घरातलं ऊन माहीत नसतं.

हिरवी_बोटं_काळी_नखं:

कीड येईलच कधी ना कधी, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. कोवळ्या शेंड्यांवर मावा आला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरात फवारा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी असेल तर कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, आणि त्यात चार थेंब पातळ साबण घालाच नाहीतर तेल वर तरंगतं आणि एकाच पानावर सगळं जाऊन पान करपतं. संध्याकाळी मारायचं, पानाच्या खालून, आधी एका पानावर ट्रायल. पण जी पानं उद्या खुडणार आहात त्यांच्यावर मारू नका, कोथिंबीर-पुदिन्याला मी तेल लावतच नाही, कीड फार झाली तर सरळ जमिनीलगत कापते, पुदिना परत येतो.

पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी, ती पानं काढून टाका, फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही कारण ती पानाच्या आत असते.

पडवळ_प्रेमी:

इथेच विचारतो, वेगळा धागा नको. काकडीच्या वेलाला पंधरा-वीस फुलं आली, एकही काकडी नाही. टोमॅटोसारखंच हलवायचं का?

टोमॅटोवाले_काका:

नाही, काकडीची तऱ्हा वेगळी. नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीपासूनच दिसते, नराच्या मागे नुसता देठ. सुरुवातीला बहुतेक नरच येतात, थांबा जरा. मादी आली की सकाळी ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडून तिच्या मध्यावर हलकेच फिरवा. दोडका-दुधी असेल तर सकाळी नाही, त्यांची फुलं संध्याकाळकडे उमलतात.

नवखी_माळीण:

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. रिपोर्ट द्यायचाय.

अंधारकोठडी, तुमचे फोटो काढले. दर तासाला गजर लावून, घरच्यांनी डोक्याला हात लावला. आणि काय निघालं माहितीये? बाल्कनीच्या डाव्या टोकाला, रेलिंगपाशी, दुपारी एकच्या सुमाराला ऊन येतं ते साडेचारपर्यंत असतं! मला पत्ताच नव्हता, मी त्या वेळी ऑफिसात असते. तिथे आम्ही कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवला होता. म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं ऊन आम्ही चार महिने टॉवेलांना देत होतो.

आता स्टँड उजवीकडे, कुंड्या डावीकडे. टॉवेल वाळायला वेळ लागतो अशी तक्रार आहे, मी ऐकत नाही.

मेथी दोनदा कापून झाली, पानवेडी ताई, दंडवत तुम्हाला. मुलगा स्वतः कात्री घेऊन जातो.

धणे टिश्यूत ठेवले, दहातले दोन उगवले :( दुसरीकडून आणले, त्यातले आठ. रगडून, भिजवून, विरळ पेरले, नवव्या दिवशी आले, आणि आज चोवीस दिवस झाले, उभे आहेत. तिसरं पान आलंय, ते खरं कोथिंबिरीसारखं कातरलेलं. सकाळी उठून पहिलं ते बघते. सारखं पाणी घालणं सोडायला फार जड गेलं, खरं सांगते. चहा घेऊन बाल्कनीत गेलं की हात आपोआप झारीकडे जातो. शेवटी झारी आत कपाटात ठेवली आणि आता कुंडी उचलून बघते, वजन खरंच कळायला लागलंय हाताला, धण्याची कुंडी तिसऱ्या दिवशी हलकी होते, पुदिन्याची चौथ्या.

चिलटं अजून आहेत पण कमी, चिकट कागदावर आठवड्याला पाच-सहा.

टोमॅटो काढून टाकला. टूथब्रश लावला, उपास घातला, पण तो तोपर्यंत खालून पूर्ण वाळत आला होता, उपटला तर मुळं तपकिरी आणि हात लावला की निसटणारी. बांधावरचे दादा म्हणाले होते तशीच. वाईट वाटलं.

आता खरा प्रश्न. नव्या पुदिन्याच्या कुंडीत, काडीच्या बाजूला, एक वेगळंच रोप आलंय. मी काही पेरलेलं नाही. बोटाएवढं आहे, देठावर बारीक लव, पहिली दोन पानं लांबट आणि साधी, वरची कातरलेली. तण असेल तर उपटते.

बांधावरचा:

थांबा. पान चुरगळून वास घ्या आधी.

नवखी_माळीण:

टोमॅटोचा वास येतोय!!! पण कसं? त्या कुंडीत मी टोमॅटो कधी लावलाच नाही.

बांधावरचा:

खत कुठलं घातलंत त्यात? खतात एखादं बी जिवंत राहिलं असणार, ढीग नीट तापला नाही की टोमॅटोच्या बिया त्यातून सहीसलामत निघतात. हायब्रिडचं बी असेल तर फळ आईसारखं येईलच असं नाही, पण येईल ते टोमॅटोच येईल.

टोमॅटोवाले_काका:

पुदिन्यात राहू देऊ नका, तो गिळेल त्याला. चार खरी पानं झाली की आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने अलगद उचला, निदान पंधरा लिटरच्या कुंडीत लावा, आणि लावताना खालची पानं काढून देठ निम्म्याच्या वर गाडा, टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात. डाव्या टोकाला ठेवा, टॉवेलांच्या जागी. तिथलं ऊन साडेतीन तासांचं आहे, तेव्हा फार आशा ठेवू नका, लहान चेरी जातीचा निघाला तर बरं.

नवखी_माळीण:

पुढच्या सुट्टीत काढते. तोपर्यंत पाणी किती घालू?

शेवग्याची_शेंग:

ताई, कुंडी उचलून बघा.